दोन मजल्यांच्या मधला आवाज

रेकॉर्डर एक, तळहातात मावणारा, मागचं झाकण चिकटपट्टीने धरलेलं. त्यातलं कार्ड एक, एका कोपऱ्यावर चेपलेलं. दुरुस्तीवाल्याने त्या कार्डातून खणून काढलेल्या फाइली त्रेसष्ट. त्यांची एकूण लांबी सात तास बारा मिनिटं. रॅप असलेल्या फाइली एकतीस, आणि त्या एकतिसांतल्या पुरतं गाणं म्हणता येईल अशा नऊ. नुसतं खोकणं, हसणं आणि ‘थांब, परत’ असलेल्या एकवीस. लिफ्टच्या दारांच्या आवाजाच्या नऊ. एकात कुणाशी तरी पान्यावरून झालेलं भांडण. आणि बंद करायची राहून गेल्यामुळे एकोणीस मिनिटं नुसतीच चालू राहिलेली एक.

ही मोजणी मोजपट्टीने वहीच्या पहिल्याच पानावर लिहून ठेवली होती. मोजपट्टी म्हणजे तेवीस वर्षांची मुलगी, भौतिकशास्त्र शिकून नुकतीच बाहेर पडलेली. हे नाव तिला दादाने दिलं होतं. लहानपणी तिने घरातल्या प्रत्येकाच्या कानाची लांबी मोजून भिंतीवर लिहिली होती, तेव्हापासून ते चिकटलं ते चिकटलंच.

फाइलींमधला आवाज त्याच दादाचा. दिवसा तो लिफ्ट दुरुस्त करायचा आणि रॅप करताना स्वतःला खटका म्हणवून घ्यायचा. अकरा महिन्यांपूर्वी डोक्यात रक्ताची गुठळी होऊन तो दोन दिवसांत गेला. वय अठ्ठावीस. मागे एकही अल्बम नाही. छोट्या-मोठ्या कार्यक्रमांत स्टेज गाजवायचा, पण रेकॉर्ड करायचं म्हटलं की अंग चोरायचा. कुणी समोर असलं तर माइकपुढे त्याची जीभ टाळ्याला चिकटायची. साधा आवाजी निरोपही त्याने कधी कुणाला पाठवला नाही. आवाज असा फुकट वाटायचा नसतो, म्हणायचा. मित्रांच्या फोनमध्ये त्याचे व्हिडिओ होते, पण त्यांत त्याच्यापेक्षा फाटलेला स्पीकरच जास्त ऐकू यायचा.

मग हे त्रेसष्ट तुकडे आले कुठून? तर लिफ्टमधून. सामान चढवताना केबिनच्या भिंतींना ओरखडे पडू नयेत म्हणून गोधडीसारखी जाड आवरणं लावतात. दादा ती लावायचा, खाली ‘काम चालू’ची पाटी अडकवायचा, केबिन दोन मजल्यांच्या मध्ये नेऊन थांबवायचा आणि रेकॉर्डर सुरू करायचा. बाहेरची सगळी इमारत जिने चढत त्याला शिव्या घालायची आणि आत हा यमक जुळवायचा. त्यातूनच ती ओळ आली होती:

*बटण तू दाबतोस, वजन मी तोलतो,*
*दोन मजल्यांच्या मधून मी बोलतो.*

त्याच्या जुन्या मित्राने, ठोक्याने, त्या नऊ गाण्यांखाली ताल बांधले होते. ठोक्याची खोली त्याच्या वहिनीच्या शिवणकामाच्या दुकानामागे होती आणि चारही भिंतींना वहिनीकडच्या चिंध्यांची गाठोडी टांगलेली होती. त्यामुळे आवाज घुमत नसे आणि भाडंही पडत नसे. बदल्यात वहिनी अधूनमधून पडद्यातून डोकं घालून, भावजी, तुमचा तो ढुमढुम जरा थांबवा, माझ्या टाक्यांचा ताल चुकतोय, असं सुनावत. सहा आठवडे ठोक्या त्या खोलीत ठाण मांडून होता. गाणी तयार होती. ती जगभर सोडणाऱ्या कंपनीच्या माणसाने ऐकून पसंतीही दिली होती, आवाज भारदस्त आहे म्हणाला होता. शुक्रवारी संध्याकाळी सहापर्यंत सगळं त्याच्याकडे पोचवायचं, एवढंच उरलं होतं. एकदा सुटलं की तेच कायमचं. ज्यांनी खटकाला कधी पाहिलं नाही त्यांच्यासाठी खटका म्हणजे हाच आवाज.

मंगळवारी दुपारी मोजपट्टीने ती नऊ गाणी आईला ऐकवली. आईने इतके दिवस टाळलं होतं. त्या दिवशी आपणहून म्हणाली, लाव. मोजपट्टीने दोन रुमाल जवळ ठेवले होते. आई धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत शेवटपर्यंत ऐकत राहिली. मग उशीचा अभ्रा झटकत म्हणाली, “छान म्हणतो हो मुलगा.”

आणि पुढची घडी घालायला घेतली.

शेजारणीच्या मुलाने गॅदरिंगमध्ये बक्षीस मिळवलं की आई ज्या सुरात बोलायची, तो हा सूर होता. मोजपट्टीलाही पहिल्या दिवसापासून हेच वाटत होतं. हा आवाज दादासारखा होता, पण दादाचा नव्हता. त्याचा थोरला भाऊ असता तर असा बोलला असता. पण हे ती कुणाला सांगणार? अकरा महिने झाले होते. तिला भीती वाटत होती ती वेगळीच: की आवाज बरोबर असेल आणि आपणच विसरत चाललो असू.

आठवणीवर तिचा भरवसा उरला नव्हता. आकड्यांवर होता.

बुधवारी सकाळी तिने ती एकोणीस मिनिटांची फाइल उघडली, जिच्यात कुणीच काही बोलत नाही. नुसती थांबलेली लिफ्ट, गोधड्या आणि डोक्यावर ट्यूबलाइट. ट्यूबची गुणगुण येत होती, बारीक, एकसारखी. ती किती उंचीची आहे हे दाखवणारा आलेख तिने काढला. अशी गुणगुण कुठल्या आकड्यावर सापडणार हे तिला झोपेत उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. आपल्याकडची वीज सेकंदाला पन्नास हेलकावे घेते; त्यामुळे ट्यूब दुपटीवर, शंभरावर गुणगुणते. वीजमंडळ एरवी कितीही गोंधळ घालो, या एका आकड्याला फार हलू देत नाही.

आलेखावरचा सुळका ९१.९ वर होता.

तिने पुन्हा मोजलं. मग दुसऱ्या फाइलीत मोजलं, तिसऱ्या फाइलीत मोजलं. तीन वेगळ्या इमारती, तीन वेगळ्या ट्यूबा, आणि आकडा तोच. शंभर भागिले ९१.९ तिने वहीत करून पाहिलं. उत्तर आलं १.०८८. हा आकडा आपण कुठेतरी पाहिलाय असं तिला वाटलं, आणि दुसऱ्याच क्षणी कुठे ते आठवलं. ती चपला उलट्यासुलट्या अडकवून धावतच निघाली.

ठोक्या खोलीत डबा उघडून बसला होता. तिने धापा टाकतच विचारलं, की कार्डातून फाइली निघाल्या तेव्हा त्या सरळ उघडल्या होत्या का. नव्हत्या, तो म्हणाला. कार्ड चेपल्यामुळे प्रत्येक फाइलीचं डोकंच, म्हणजे सुरुवातीला असते ती माहितीच, उडाली होती. आत नुसती आकड्यांची रांग. सेकंदाला किती आकडे वाचायचे ते कॉम्प्युटरने विचारलं होतं.

“मग तू काय सांगितलंस?”

“चव्वेचाळीस हजार शंभर. गाण्याला तेवढेच असतात. आपली आजवरची सगळी गाणी तेवढ्यावरच आहेत.”

“आणि दादाने रेकॉर्डरवर अठ्ठेचाळीस हजार लावून ठेवले असतील तर?”

ठोक्याचा घास हातातच राहिला. आकडे तेवढेच, पण सेकंदाला वाचायचे कमी. म्हणजे सगळंच रेंगाळणार. वेगही, आवाजाची पट्टीही. अठ्ठेचाळीस हजार भागिले चव्वेचाळीस हजार शंभर तिने वहीत आधीच करून आणलं होतं: १.०८८. सात तास बारा मिनिटांचं रेकॉर्डिंग मुळात सहा तास सदतीस मिनिटांचंच होतं. सहा आठवडे ते दोघं दादाला ओढून-ताणून ऐकत होते.

“त्या येड्याला अठ्ठेचाळीस लावायचं सुचलं कुठून? त्याला तर घड्याळ लावता येत नव्हतं.”

“मीच सांगितलं होतं,” मोजपट्टी म्हणाली. “जास्त आकडे म्हणजे जास्त बारकावा, असं.”

ठोक्याने डबा बंद केला, तेलकट बोटं पँटला पुसली आणि हे किती भिकार वाटतं ते तुला दाखवतोच, असं म्हणत खुर्ची ओढली. त्याने पाचवं गाणं घेतलं, खालचा ताल बंद केला आणि नुसता आवाज खऱ्या वेगाने लावला.

पहिल्या चार ओळी तो कपाळाला आठ्या घालून बसला होता. पाचव्या ओळीपासून ते कडवं सुरू झालं, ज्यात दादा लिफ्ट उशिरा दुरुस्त होण्याची कारणं सांगतो: तार आली नाही, तार आली तर पाना नाही, पाना आला तर साहेब नाही, साहेब आले तर लिफ्ट नाही म्हणून वर आले नाहीत. संथ आवाजात हे गाऱ्हाणं वाटायचं. एका शब्दाचीही उसंत न देता, एका दमात ते अंगावर आलं आणि मोजपट्टी खो-खो हसत सुटली. शेवटी दादाने घेतलेला श्वास ऐकू आला, पाण्यातून वर आलेल्या माणसासारखा. तो श्वास नेमका जिथे ठोका पडायला हवा तिथेच पडला होता.

ठोक्याने गाणं थांबवलं. मागे नेलं. पुन्हा लावलं. त्याचं बोट टेबलावर वाजायला लागलं होतं, ते त्याच्या लक्षातही नव्हतं.

“श्वास,” तो म्हणाला. “मी सगळे श्वास कापून टाकले गं. लांबलचक यायचे, दम लागल्यासारखे. मला वाटलं आजारी होता बिचारा.”

“किती कापलेस?”

“मोजतोय कोण!”

तिने मोजले. नऊ गाण्यांत दोनशे चौदा. प्रत्येक श्वास हा तालातला एक ठोका होता. मिनिटाला नव्वद ठोक्यांवर बांधलेले ताल आता जवळपास अठ्ठ्याण्णववर न्यायला हवे होते. छत्तीस मिनिटं चाळीस सेकंदांचा अल्बम तेहेतीस मिनिटं एक्केचाळीस सेकंदांवर येत होता. ठोक्या खोलीत येरझाऱ्या घालायला लागला. खोली तीन पावलांची असल्यामुळे तो वळतच जास्त होता. इथे ढोल काढून टाकू, इथे नुसत्या टाळ्या ठेवू, सातव्याच्या सुरुवातीला ते लिफ्टचं दार घालू, हे आता बसतंय बघ, हे आधी बसतच नव्हतं, असं तो स्वतःशीच बडबडत राहिला आणि मोजपट्टी ते लिहून घेत राहिली. पलीकडे वहिनींनी मशीन थांबवली. पडद्यातून डोकं घालून त्यांनी विचारलं, की लॉटरी वगैरे लागली का.

आणि मग ठोक्या मध्येच खाली बसला. सगळी वाफ निघून गेल्यासारखा.

“नको,” तो म्हणाला. “आहे तेच जाऊ दे.”

मोजपट्टीला वाटलं तो थकला असेल. तसं नव्हतं. गणित त्याला पटलं होतं. पण बरोबर असतं ते चांगलं असतंच असं नाही, असं त्याचं म्हणणं होतं. कंपनीच्या माणसाला तो भारदस्त आवाजच आवडला होता. ऐकणाऱ्यांना ट्यूबलाइटशी काय देणंघेणं? आणि एक गोष्ट तो खाली बघत म्हणाला.

“सहा आठवडे मी रोज त्या आवाजाशी बोलतोय. चहा पिताना, भांडताना. मला आता तोच आठवतो. तू आणलेला हा दुसरा कोण, मला सांगता येत नाही. ऐकून मजा आली, पण तोच आहे का, ते मला कळत नाही. माझा कान बिघडलाय, मोजपट्टी.”

“माझाही,” ती म्हणाली. हे तिने पहिल्यांदाच कुणाला सांगितलं होतं. “ट्यूब सांगते वेग कुठला. दादा कसा वाटायचा ते ट्यूबला माहीत नाही.”

मग मोजपट्टीने वहीचं कोरं पान काढलं. आपल्या दोघांचे कान बाद, ती म्हणाली. आईचाही बाद, तिला कोण बोलतंय ते आधीच ठाऊक होतं. हवेत असे कान, ज्यांनी दादाला वर्षानुवर्षं रोज ऐकलंय, ही रेकॉर्डिंग कधीच ऐकलेली नाहीत, आणि आपण त्याचाच आवाज ऐकणार आहोत हे ज्यांना माहीत नाही.

असे कान लिफ्टवाल्यांच्या डेपोत होते. अठरा जोड्या.

डेपोचा मुकादम म्हणजे दादाला सहा वर्षं हाताखाली वागवणारा माणूस. गुरुवारी सकाळी त्याच्या टेबलापुढे उभं राहून दोघांनी सगळं सांगितलं. जेवणाच्या सुट्टीत माणसांना पाच आवाज ऐकवायचे, बारा-बारा सेकंदांचे. ओळखीचा आवाज आला की हात वर करायचा. चार आवाज ठोक्याच्या ओळखीतल्या रॅपवाल्यांचे, डेपोत कधी न आलेल्यांचे. चौथा दादाचा. नऊ जणांना संथ, नऊ जणांना मूळ वेगाचा. कुठला गट कुठला, ते नाणं ठरवील. मुकादमाने चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं, की पोरी, जेवत्या माणसाला असला धक्का द्यायचा?

“नको म्हणालात तर नाही करणार, काका.”

मुकादमाने चष्मा परत नाकावर घेतला. “त्याने आम्हाला सहा वर्षं धक्केच दिले,” तो म्हणाला. “चौथ्या मजल्यावर लिफ्ट अडकली म्हणून मी धावत जायचो, तर आत हा गात बसलेला. अजून एक देऊ दे.”

नियम मोजपट्टीने आधीच लिहून त्याखाली ठोक्याची सही घेतली, म्हणजे नंतर कुणी शब्द फिरवायला नको. संथ आवाजाला मूळ वेगाइतके किंवा जास्त हात आले, तर अल्बम आहे तसाच जाईल. कमी आले, तर शुक्रवारी सहापर्यंत नऊच्या नऊ गाणी नव्याने बांधायची. ठोक्याने सही करताना पेन दोनदा झटकलं. पेनात शाई होती.

डेपोला दोन जेवणाच्या खोल्या नव्हत्या, म्हणून नऊ जणांना आधी बसवलं, नऊ जणांना मागाहून. मुकादमाने नाणं उडवलं. पहिल्या गटाला संथ आवाज आला. मोजपट्टी आणि ठोक्या शेजारच्या सामानाच्या खोलीत, गुंडाळलेल्या तारांच्या मधल्या बोळात दबून बसले. दाराच्या फटीत तिने फोन असा टेकवला, की टेबलाभोवतीचे सगळे हात चौकटीत यावेत. लॅपटॉप ठोक्याच्या मांडीवर होता आणि त्याची तार जेवणाच्या खोलीतल्या स्पीकरला जोडलेली होती.

मुकादमाने घसा साफ केला. आवाज ओळखायचा खेळ आहे, जेवता-जेवता खेळा, बक्षीस काही नाही, असं त्याने जाहीर केलं. बक्षीस नाही म्हटल्यावर दोघं-तिघं कुरकुरले. पहिला आवाज वाजला; कुणी मान वर केली नाही. दुसरा, तिसरा. एकाने विचारलं, हा मुकादमसाहेबांचा जावई तर नाही? हशा झाला. मग चौथा.

मोजपट्टी फोनच्या पडद्याकडे बघत होती. एकाचा चमचा थांबला. त्याने शेजाऱ्याकडे पाहिलं, शेजाऱ्याने खांदे उडवले, तरी त्याने हात अर्धवट वर केला. बाराव्या सेकंदाला तुकडा संपला आणि पाचवा सुरू झाला. तो संपताच ठोक्याने यादीतला चौथा तुकडा बदलून मूळ वेगाचा ठेवला.

दुसरे नऊ जण आले. हात धुणं, बाकं ओढणं, मुकादमाचं तेच भाषण, तीच कुरकुर. पहिला आवाज, दुसरा, तिसरा. ठोक्याने डोळे मिटून घेतले. मोजपट्टीने मुद्दामच चेहऱ्यांकडे पाहिलं नाही. नजर फोनवर पळणाऱ्या सेकंदांवर ठेवली. चौथा आवाज सुरू झाला. पलीकडे एक बाक जोरात सरकलं, कुणीतरी मोठ्याने काहीतरी म्हणालं, आणि मग एकदम इतके जण बोलायला लागले, की पाचवा आवाज वाजला की नाही तेही कळलं नाही.

तिने सामानाच्या खोलीचं दार आतून लावून घेतलं, तारेच्या रिळावर वही ठेवली आणि दोन्ही व्हिडिओ एकेक चित्र पुढे सरकवत पाहिले. ठोक्या तिच्या खांद्यावरून बघत होता. मग तिने पेनाचं टोपण काढलं आणि लिहिलं:

संथ आवाज. माणसं नऊ. वर गेलेले हात दोन. पहिला हात ७.४ सेकंदांनी.

मूळ वेग. माणसं नऊ. वर गेलेले हात नऊ. पहिला हात ०.८ सेकंदांनी, शेवटचा २.१ सेकंदांनी.